हिदेओ म्हणजे पुरुषोत्तम

मुलाचे नाव ठेवणे ही गोष्ट सर्वच समाजांनी गंभीर मानलेली आहे. पाळण्यातल्या बाळाच्या कानात आत्या ते हळूच सांगो, की बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी धर्मगुरू ते मोठ्याने उच्चारो, त्या एका शब्दात आईबापांची सारी आशा साठविलेली असते. मूल पुढे कोण होणार हे कोणासच ठाऊक नसते. परंतु ते कोण व्हावे, हे मात्र नावात आधीच सांगून ठेवलेले असते.

आपल्याकडील 'पुरुषोत्तम' हे नाव घ्या. पुरुषांमध्ये जो उत्तम तो पुरुषोत्तम. हे मूळचे ईश्वराचे नाव. तरी कित्येक घरांत ते मुलांना मिळाले. पु. ल. देशपांडे, पु. शि. रेगे आणि पु. भा. भावे या तिन्ही साहित्यिकांच्या नावांआधीचा 'पु.' म्हणजे पुरुषोत्तमच होय. गुजराती कुटुंबांत हाच अर्थ 'नरोत्तम' या नावाने व्यक्त होतो. आणि श्रोतेहो, थेट पूर्वेकडे, जपानमध्ये गेले, तर तेथेही याच अर्थाचे एक नाव घरोघर आढळते. ते नाव म्हणजे हिदेओ. 'हिदे' म्हणजे श्रेष्ठ, इतरांहून उठून दिसणारा. आणि 'ओ' म्हणजे पुरुष. हिदेओ हा जपानचा पुरुषोत्तमच म्हणावयाचा.

या परदेशी नावाचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सुरतेत मिळते. तापीकाठच्या या शहराशी मराठी माणसाचा संबंध केवळ शिवकालीन इतिहासापुरता नाही. उधना-जळगाव लोहमार्गाने खानदेशातील हजारो कुटुंबे पोटासाठी सुरतेस आली. उधना आणि लिंबायत या भागांत आजही मराठी व अहिराणी बोल कानी पडतात, आणि सुरतेच्या मागांवर खानदेशी हात चालतात. याच सुरतेजवळ अंत्रोली या गावी मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे स्थानक योजिले गेले. १४ सप्टेंबर २०१७ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी व जपानचे तेव्हाचे पंतप्रधान शिंझो आबे यांच्या हस्ते अहमदाबाद येथे या मार्गाची पायाभरणी झाली. मार्गाची लांबी ५०८ किलोमीटर, स्थानके बारा. त्यांपैकी चार महाराष्ट्रात व आठ गुजरातेत. सुरत ते बिलिमोरा हा टप्पा आधी सुरू करावयाचा, असेही ठरले. शेतांवरून, ओढ्यांवरून खांबांच्या रांगा उभ्या राहिल्या. त्या खांबांवरून धावणाऱ्या गाडीची मूळ कल्पना ज्या अभियंत्याने प्रत्यक्षात आणली, त्याचे नाव हिदेओ होते. शिमा हे त्याचे आडनाव. जपानी रीतीप्रमाणे आडनाव आधी येते; म्हणून तिकडे त्यांना शिमा हिदेओ म्हणतात.

शिमा यांच्याकडे वळण्यापूर्वी या नावाची थोडी अधिक ओळख करून घेणे इष्ट होईल. जपानी नाव कानाने ऐकून पुरते कळत नाही. त्यातील प्रत्येक अंशासाठी चिनी लिपीतून आलेली चित्राक्षरे असतात, आणि एकच उच्चार निरनिराळ्या अक्षरांनी लिहिता येतो. 'हिदे' हा उच्चार लिहिण्याच्या दोन रीती विशेष रूढ आहेत. पहिल्या अक्षरात धान्याच्या रोपाची खूण असते. पोटरीतून कणीस बाहेर पडावे आणि इतर पानांच्या वर दिसावे, असा त्याचा मूळ अर्थ. दुसऱ्या अक्षराच्या माथ्यावर गवताची खूण असते. त्याचा मूळ अर्थ फूल, बहर. म्हणजे एक हिदेओ हा कणसासारखा श्रेष्ठ, तर दुसरा फुलासारखा. 'ओ' हा अंशही कोणी 'नर' या अर्थाच्या अक्षराने लिहितात, कोणी 'पती' किंवा 'प्रौढ पुरुष' या अर्थाच्या अक्षराने. आईबाप मुलाचा जन्म होताच ही अक्षरे विचारपूर्वक निवडतात. नभोवाणीवरून मात्र सारे हिदेओ सारखेच ऐकू येतात.

या नावाने नामांकित झालेले पुरुष थोडे नाहीत. कोबायाशी हिदेओ यांचा जन्म १९०२ साली तोक्योत झाला. जपानी भाषेतील आधुनिक साहित्यसमीक्षेचा पाया घालणारे म्हणून त्यांची ख्याती आहे. समीक्षा म्हणजे केवळ गुणदोषांची यादी नव्हे, तर तीही एक स्वतंत्र साहित्यकृती असू शकते, हे त्यांच्या निबंधांनी जपानी वाचकांस पटविले. मोतोओरी नोरिनागा या अठराव्या शतकातील पंडितावर त्यांनी लिहिलेला मोठा ग्रंथ १९७७ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा ते पंचाहत्तरीस आले होते. त्यांच्या नावातील 'हिदे' कणसाचा.

फुलाचा 'हिदे' ज्यांच्या नावात आहे, असे एक शास्त्रज्ञ म्हणजे इतोकावा हिदेओ. जन्म १९१२, मृत्यू १९९९. युद्धापूर्वी नाकाजिमा या विमान कारखान्यात असताना 'हायाबुसा' या लढाऊ विमानाच्या रचनेत त्यांचा हात होता. युद्ध संपले, जपान हरला आणि काही वर्षे त्या देशास विमाने बांधण्याची बंदी झाली. इतोकावा हात जोडून बसले नाहीत. तोक्यो विद्यापीठात त्यांनी अग्निबाणांचा अभ्यास आरंभिला. १९५५ च्या एप्रिलमध्ये कोकुबुंजी येथे त्यांनी जे अग्निबाण जमलेल्या लोकांसमक्ष उडविले, त्यांची लांबी अवघी २३ सेंटिमीटर होती! ते आकाशात नव्हे, तर आडवे सोडले होते. शाळकरी मुलाच्या कंपासपेटीत शोभेल असे त्यांचे नावही होते, 'पेन्सिल'. पंधरा वर्षांनी, ११ फेब्रुवारी १९७० रोजी, त्याच परंपरेतून 'ओसुमी' हा जपानचा पहिला कृत्रिम उपग्रह पृथ्वीभोवती फिरू लागला. परंतु तोपर्यंत इतोकावा त्या कार्यात राहिले नव्हते. १९६७ सालीच त्यांनी विद्यापीठ सोडले होते. पुढे १९९८ साली सापडलेल्या एका लघुग्रहास त्यांचे नाव देण्यात आले. जपानने त्या लघुग्रहाकडे यान पाठविले, त्याचेही नाव 'हायाबुसा' ठेवले. २००५ साली ते तेथे पोहोचले आणि २०१० च्या जूनमध्ये तेथील धुळीचे कण घेऊन पृथ्वीवर परतले.

तिसरे हिदेओ खेळाच्या मैदानावरचे. नोमो हिदेओ यांचा जन्म १९६८ साली ओसाका येथे झाला. त्यांच्या नावातील दोन अक्षरे एकत्र घेऊन चिनी पद्धतीने वाचली, तर 'वीरपुरुष' हाच अर्थ निघतो. चेंडू फेकण्यापूर्वी पाठ फलंदाजाकडे करून सारे अंग पिळण्याची त्यांची लकब अशी विलक्षण, की लोक तिला वावटळ म्हणत. १९९५ साली मायदेशातील स्थिर जागा सोडून ते अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या बेसबॉल संघात गेले. त्यांच्या आधी केवळ एक जपानी खेळाडू तेथील मुख्य स्पर्धांत खेळला होता, तोही तीस वर्षांपूर्वी. नोमो यांच्या या निर्णयावर मायदेशी पुष्कळ टीका झाली. परंतु त्याच वर्षी ते तेथील उत्कृष्ट नवोदित खेळाडू ठरले, आणि त्यांनी उघडलेल्या वाटेने मागाहून अनेक जपानी खेळाडू गेले.

आता शिमा हिदेओ यांच्याकडे येऊ. त्यांचा जन्म २० मे १९०१ रोजी ओसाका येथे झाला. वडील शिमा यासुजिरो हे जपानी रेल्वेतील नाणावलेले अभियंता. जपानमध्ये पहिली आगगाडी १८७२ साली तोक्योच्या शिंबाशीपासून योकोहामापर्यंत धावली, ती अरुंद रुळांवरून. दोन रुळांमध्ये अंतर साडेतीन फूट. तुलनेसाठी सांगावयाचे, तर आपल्याकडे सुरतेच्या उत्तरेस, तापीपलीकडील उत्राणपासून अंकलेश्वरपर्यंत १८६० सालीच साडेपाच फुटी रुळांवरून गाडी धावू लागली होती. अरुंद रुळांवर गाड्यांना वेग येणार नाही, हे यासुजिरो यांनी ओळखले. रूळ रुंद करावेत म्हणून त्यांनी प्रयोग केले, सरकारपुढे योजना मांडल्या. १९१९ साली सरकारने तो विचार सोडून दिला, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. वीस वर्षांनी तोक्योपासून पश्चिमेकडे रुंद रुळांचा स्वतंत्र, वेगवान मार्ग बांधण्याची योजना निघाली आणि तिच्या समितीवर यासुजिरो प्रमुख झाले. लोक त्या योजनेला 'बंदुकीच्या गोळीची गाडी' म्हणू लागले. 'बुलेट ट्रेन' हे नाव तेथूनच आले. काही जमीन घेतली गेली, बोगद्यांची कामे सुरू झाली. पण महायुद्धाने सारेच थांबविले. १९४६ साली यासुजिरो वारले. स्वप्न अपुरे राहिले.

हिदेओ शिमा १९२५ साली रेल्वेत दाखल झाले. वाफेच्या इंजिनांच्या रचनेत त्यांनी नाव मिळविले. त्यांच्या देखरेखीखाली १९३६ साली तयार झालेले डी-५१ हे इंजिन अकराशेंहून अधिक संख्येने बांधले गेले. पुढे ते रेल्वेच्या डबे-इंजिन विभागाचे प्रमुख झाले. आणि मग १९५१ च्या २४ एप्रिलचा दिवस उजाडला.

त्या दिवशी योकोहामातील साकुरागिचो स्थानकाजवळ वरच्या विजेच्या तारेची दुरुस्ती चालू असता तार तुटून लोंबू लागली. त्याच वेळी येणारी विजेची गाडी तीत अडकली. ठिणग्या उडाल्या आणि पहिल्या डब्याने पेट घेतला. डबा युद्धकाळातील काटकसरीने बांधलेला. दारे प्रवाशांना आतून उघडता येईनात. खिडक्यांची मधली काच पक्की बसविलेली. त्या फटीतून माणूस बाहेर पडणे अशक्य. १०६ माणसे स्थानकाच्या डोळ्यांदेखत जळून मेली.

तार तोडणारा हात शिमांचा नव्हता. काटकसरीचा हुकूमही त्यांनी काढला नव्हता. तो युद्धाने काढला होता. तथापि डब्यांचे खाते त्यांचे होते. त्याच वर्षी ते रेल्वेतून बाहेर पडले आणि खाजगी उद्योगात गेले. वयाच्या पन्नाशीत, सुमारे पंचवीस वर्षांची सेवा अशी संपली. या दुर्घटनेनंतर दारे हाताने उघडण्याची कळ प्रवाशांस दिसेल अशा जागी बसविण्यात आली.

चार वर्षांनी त्यांना परत बोलावणे आले. १९५५ साली सोगो शिंजी हे एकाहत्तर वर्षांचे गृहस्थ जपानच्या राष्ट्रीय रेल्वेचे अध्यक्ष झाले. तोक्यो ते ओसाका असा नवा, रुंद रुळांचा मार्ग बांधावयाचा त्यांचा निश्चय होता आणि त्यासाठी त्यांना शिमाच हवे होते. वडिलांचे अपुरे राहिलेले काम पुरे करण्याची ही संधी होती. शिमा परत आले.

त्या काळी रेल्वेचे दिवस भरले, असे जगात बहुतेकांस वाटत होते. अमेरिकेत मोटारी व विमाने यांपुढे आगगाड्या मागे पडत होत्या. जपानातही या योजनेला वेड्यांचे काम म्हणणारे होते. शिमांनी जे केले त्यात चमत्कार काहीच नव्हता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नवे, अपरीक्षित तंत्र वापरावयाचे नाही, हा त्यांचा दंडक. जे अनुभवाने सिद्ध झाले आहे तेच घ्यावयाचे, परंतु त्याची जुळणी अशी करावयाची की सगळे मिळून काही नवेच उभे राहावे. पुढे एक अवजड इंजिन आणि मागे डबे, ही रीत त्यांनी सोडली. प्रत्येक डब्याच्या चाकांना स्वतःची विजेची मोटर दिली. त्यामुळे वजन सारखे वाटले गेले आणि रुळांवरचा भार हलका झाला. मार्ग स्वतंत्र, त्यावर मालगाडी नाही, रस्ता ओलांडणारे फाटक एकही नाही. ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगात बाहेरचा सिग्नल चालकाला नीट दिसणार नाही, म्हणून सिग्नल त्याच्यासमोर गाडीतच आणला; वेग मर्यादेबाहेर गेला, तर गाडी आपोआप आवरली जाईल अशी व्यवस्था केली. १९५९ च्या एप्रिलमध्ये बांधकाम सुरू झाले. १९६१ साली जागतिक बँकेने आठ कोटी डॉलरचे कर्ज दिले. १९६३ च्या मार्चमध्ये चाचणीच्या गाडीने ताशी २५६ किलोमीटरचा वेग गाठला.

गाडी सिद्ध झाली. परंतु खर्च मूळ अंदाजाच्या जवळजवळ दुपटीवर गेला होता. त्याचा बोभाटा झाला. १९६३ साली सोगो यांना पद सोडावे लागले आणि शिमांनीही त्यांच्यामागोमाग राजीनामा दिला. आयुष्यात दुसऱ्यांदा त्यांनी रेल्वे सोडली.

१ ऑक्टोबर १९६४ रोजी सकाळी तोक्यो स्थानकात फीत कापली गेली आणि शिनकान्सेन, म्हणजे 'नवा मुख्य मार्ग', सुरू झाला. ऑलिंपिक सामने नऊ दिवसांवर आले होते. साऱ्या जगाचे लक्ष तोक्योकडे होते. साडेसहा तासांचा प्रवास चार तासांवर आला, आणि वर्षभराने तीन तास दहा मिनिटांवर. त्या समारंभास शिमांना निमंत्रण नव्हते. आपण बांधलेल्या गाडीचे पहिले प्रस्थान त्यांनी घरी बसून दूरचित्रवाणीवर पाहिले.

यानंतर त्यांच्या हातून आणखी एक सेवा घडली. १९६९ साली जपानने अवकाश विकासासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन केली, तिचे पहिले अध्यक्ष म्हणून शिमांची निवड झाली आणि १९७७ पर्यंत ते त्या पदावर राहिले. पेन्सिलीएवढ्या अग्निबाणाने एका हिदेओने ज्या क्षेत्राचा आरंभ केला, त्याच क्षेत्रात दुसरा हिदेओ असा येऊन पोहोचला. १९९४ साली संस्कृतीसाठी दिला जाणारा सर्वोच्च राष्ट्रीय सन्मान शिमांस मिळाला. १८ मार्च १९९८ रोजी, शहाण्णवाव्या वर्षी, ते निवर्तले.

श्रोतेहो, शिमांनी मागे ठेवलेली खरी कमाई वेगाची नव्हे. वेगाचे विक्रम पुढे फ्रान्सने केले, चीनने केले. परंतु १९६४ पासून आजवर शिनकान्सेनच्या मार्गांवर गाड्यांची टक्कर होऊन किंवा गाडी रुळांवरून घसरून एकही प्रवासी दगावलेला नाही. ज्याने १०६ प्रेतांची जबाबदारी आपल्या माथी घेतली, त्याच्या हातून ही गाडी घडली, हा केवळ योगायोग मानता येत नाही. जळत्या डब्याची आठवण ज्याच्या मनात आहे, तो दार उघडते की नाही हे पाहिल्यावाचून पुढे जाणार नाही.

हे सुरतेस सांगण्यासारखे आहे, आणि सुरत ते ऐकून घेईल. १९९४ साली प्लेगच्या साथीने हे शहर हादरले, लोक गाड्या भरभरून पळाले. पुढच्या वर्षी महापालिका आयुक्त एस. आर. राव यांनी स्वच्छतेची मोहीम हाती घेतली आणि थोड्याच काळात देशातील स्वच्छ शहरांत सुरतेची गणना होऊ लागली. म्हणजे संकटातून शिकणे या शहरास ठाऊक आहे. परंतु त्याच शहरात २४ मे २०१९ रोजी सरथाणा भागातील एका व्यापारी इमारतीस आग लागली आणि वरच्या मजल्यावर शिकवणीस आलेले २२ विद्यार्थी प्राणांस मुकले. बाहेर पडण्यास वाट नव्हती म्हणून मुलांनी वरून उड्या घेतल्या. १९५१ ची योकोहामा आणि २०१९ ची सुरत यांच्यामध्ये अडुसष्ट वर्षे आणि अर्धे आशिया खंड आहे. तरी आत अडकलेल्या माणसाला वाट न मिळाल्याचे दुःख एकच आहे.

तोक्यो ते ओसाका हा मार्ग ५१५ किलोमीटरचा, आणि मुंबई ते अहमदाबाद ५०८ किलोमीटरचा. जवळजवळ तितकाच. रुळांतील अंतरही तेच, शिमा पितापुत्रांना हवे होते ते. ती गाडी पैसे देऊन आणता येते. कर्ज काढूनही आणता येते. परंतु तिच्यामागील ती वृत्ती, आपल्या खात्यात घडले ते आपले, असे म्हणण्याची वृत्ती, कोणत्याही जहाजातून उतरवून घेता येत नाही. ती येथेच, आपल्या शाळांतून, कारखान्यांतून आणि कचेऱ्यांतून पिकवावी लागेल. सुरतेच्या मागावर ताणा तुटला, तर तो न पाहिल्यासारखे करणारा विणकरही असतो आणि माग थांबवून गाठ मारणाराही असतो. हिऱ्याचा पैलू बिघडला, तर तो कोणी लपवितो आणि कोणी पुन्हा सहाणेवर धरतो. उत्तम पुरुष कोणता, हे अशा वेळी कळते.

शिमांच्या नावातील 'हिदे'ही कणसाचाच होता. इतर पानांच्या वर जे उठून दिसते ते कणीस, हा त्या अक्षराचा अर्थ. परंतु भाताचे कणीस जसे पिकते तशी त्याची मान खाली जाते, अशी जपानी लोकांत म्हण आहे. ती समजून घेण्यास जपानला जावयास नको. हिवाळ्यात सुरतेचे लोक ज्या कोवळ्या ज्वारीचा पोंक खातात, आणि खानदेशात आपण जिचा हुरडा भाजतो, तिचेही कणीस दाण्याने भरले की वाकतेच. आईबाप मुलाला पुरुषोत्तम म्हणोत, नरोत्तम म्हणोत वा हिदेओ म्हणोत. ते केवळ बी पेरतात. त्यात दाणा भरावयाचा तो ज्याचा त्यानेच. आणि तो भरला की नाही, याची खूण समारंभातील खुर्चीत सापडत नाही. रोज सकाळी लाखो माणसे निर्धास्त मनाने गाडीत बसतात आणि संध्याकाळी घरी परततात, तेथे ती सापडते.